संच बंद, दुकान चालू

कोराडीच्या माणसाला पॉवर हाऊस म्हणजे काय ते समजावायला जाऊ नये. वाळवणावरची राख झटकत तोच तुम्हाला सांगेल. पहिले चार संच १२० मेगावॉटचे, सत्तरच्या दशकातले, ते केव्हाच निकालात निघाले. पाचवा २०० चा, तोही त्यांच्या मागे गेला. आज मोजायचे ते २१० चा एक आणि ६६० चे तीन, बेरीज २१९०. काल रात्री कोणता संच ट्रिप झाला, कुठल्याचं ओव्हरहॉलिंग निघालं, कोणत्या बॉयलरची ट्यूब फुटली, ही बातमी पेपरात यायच्या आधी पानठेल्यावर येते.

अशा गावात येऊन कुणी ‘तुमच्या पेशींचं पॉवर हाऊस पुन्हा चार्ज करा’ या छापाची कॅप्सूल विकत असेल, तर त्याच्या हिमतीला दाद द्यावी लागते. तो विकतोय, आणि खपतेय.

गिऱ्हाईक कमी नाही. इथल्या महालक्ष्मी जगदंबेची मूर्ती दिवसातून तीन रूपं घेते अशी श्रद्धा आहे. सकाळी कन्या, दुपारी तरुणी, रात्री प्रौढा, आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं की पुन्हा कन्या. ही सोय देवीपुरतीच आहे. भक्त एकदा रात्रीच्या रूपात शिरला की तिथेच मुक्कामाला राहतो. हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, नातवाचं नाव ओठावर येऊन परत जातं. घरचे मग गूगल उघडतात. गूगलवर एक शब्द सापडतो, मायटोकाँड्रिया. शब्द सापडला की डबा सापडायला वेळ लागत नाही.

आधी यंत्र पाहू, मग डब्याकडे येऊ.

शाळेत याच मायटोकाँड्रियाला तंतुकणिका म्हणत. ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ एवढं लिहिलं की एक मार्क मिळे, आणि मार्क मिळाला की विषय संपे. संपायला नको होता, कारण खरी गंमत पुढेच आहे. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन या कणाच्या आतल्या पडद्यावरून पायरीपायरीने उतरतात. पायऱ्यांना कॉम्प्लेक्स १, २, ३, ४ अशी सरकारी छापाची नावं आहेत. उतरताना त्यांच्या जोरावर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात, तिथे तुंबतात, आणि परत यायच्या वाटेवर एक चक्र गरागरा फिरवतात. ही लेखकाची उपमा नाही, चक्र खरोखर फिरतं. पीटर मिचेल या इंग्रजाने १९६१ मध्ये तुंबलेल्या प्रोटॉनची कल्पना मांडली तेव्हा बरेच विद्वान हसले. १९७८ मध्ये त्यालाच नोबेल मिळालं. चक्राचा हिशेब लावणारे पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये मिळालं, आणि त्याच वर्षी जपानी संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते फिरताना दाखवूनही दिलं. या फिरण्यातून एटीपी तयार होतं, पेशीचं चलनी नाणं. धडधाकट माणूस दिवसाकाठी साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि तेवढंच उडवतो. साठा जवळपास शून्य.

मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, खातो मात्र २० टक्के ऊर्जा. वीज एकीकडे बनते आणि खपते दुसरीकडे, हे प्रमाण विदर्भातल्या वाचकाला निराळं समजावून सांगायला नको. त्यातून मेंदूतली पेशी ही कायम नोकरीतली. कातडीची पेशी मेली तर दुसरी येते. मेंदूतली गेली की जागा रिकामीच राहते. तिच्यातला संच पडला तर ती धापा टाकते, कचरा साचवते, आणि एक दिवस विझते. कंपवात, स्मृतिभ्रंश, हंटिंग्टन, स्नायूंच्या नसा खाणारा एएलएस, या सगळ्यांच्या तपासात कुठे ना कुठे हा पडलेला संच सापडतो.

इथवर डब्यावरचा मजकूर आणि विज्ञान हातात हात घालून चालतात. पुढे मात्र विज्ञान अडखळतं आणि डबा धावत सुटतो.

* * *

संच पाडणं किती सोपं, ते १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात कळलं. नशेच्या नादी लागलेली काही तरुण पोरं एकामागून एक दवाखान्यात आली. अंग लाकडासारखं ताठ, बोलता येईना, पापणी लवेना. ऐन तारुण्यात थेट शेवटच्या अवस्थेतला कंपवात. विल्यम लँगस्टन या मेंदूविकारतज्ज्ञाने शोध घेतला तेव्हा कळलं, चोरून बनवलेल्या हेरॉइनसारख्या पावडरीत एमपीटीपी नावाचं भेसळीचं रसायन उतरलं होतं. मेंदूत गेल्यावर त्याचं दुसरं रूप होतं, आणि ते रूप डोपामीन बनवणाऱ्या पेशींत शिरून कॉम्प्लेक्स १ ठप्प करतं. वीस-तीस वर्षांत होणारं काम काही दिवसांत आटोपलं. १९८३ मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांना कंपवात ‘तयार’ करायची कृती मिळाली.

कृतीतलं ते दुसरं रूप रेणूच्या घडणीने कुणाचा भाऊ शोभतं? पॅराक्वॅट या तणनाशकाचा. त्या रूपाची तर तणनाशक म्हणून चाचणीही होऊन गेली होती. पॅराक्वॅट पेशीत थोड्या निराळ्या वाटेने धुमाकूळ घालतं, पण मायटोकाँड्रियाला त्याची झळ बसतेच. २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या पाहणीत पॅराक्वॅट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. रोटेनोन हा कॉम्प्लेक्स १ चा जुना वैरी. उंदरांना कंपवात देण्यासाठी प्रयोगशाळेत मुद्दाम वापरतात. पाहणीतला संबंध म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे, हे कंपन्यांचे वकील सांगतात आणि ते बरोबरच आहे. युरोपीय संघात मात्र पॅराक्वॅट २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे ते मिळतं, आणि कृषी केंद्राच्या काउंटरमागे जो उभा, तोच तज्ज्ञ.

आणि हे एकटंच नाही. कोळी मारणारी फेनपायरोक्सिमेट, फेनाझाक्विन ही औषधं कॉम्प्लेक्स १ वर नेम धरतात. बुरशीनाशकांचं एक मोठं कुळ कॉम्प्लेक्स ३ वर, दुसरं कॉम्प्लेक्स २ वर. कीटकाचा मायटोकाँड्रिया आणि आपला मायटोकाँड्रिया यांत फरक आहे, पण दोन वेगळ्या गावांचे वाटावेत इतका नाही. आपलं यकृत बरंचसं विष निस्तरतं आणि डोस कमी असतो, म्हणून आपण वाचतो. डोस कमी नसतो तेव्हा काय होतं, ते बघायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. यवतमाळ पुरतं.

२०१७ चा पावसाळा. कपाशी माणसापेक्षा उंच वाढलेली, दमट हवा, पाठीवर पंप, तोंडाला बांधायला फार तर दुपट्टा. यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने रुग्णालयात भरती झाले, वीसहून अधिक दगावले. कुणाला दिसेनासं झालं, कुणी शुद्ध हरपून पडलं. ज्या औषधांची नावं पुढे आली त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉस होतं, आणि ‘पोलो’ नावाने विकलं जाणारं डायफेंथियुरॉनही होतं. सरकारच्या विशेष तपास पथकाने बोट मोनोक्रोटोफॉसकडे दाखवलं. पोलो बनवणाऱ्या सिंजेंटाने दोष नाकारला. दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी २०२१ मध्ये थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या न्यायालयापर्यंत गेले. कुणाचं किती चुकलं ते तिथले वकील बघतील. या सदराला रस आहे तो एका बारीक तपशिलात. डायफेंथियुरॉन किडीला मारतं कसं? तर मघाच्या त्या फिरत्या चक्रालाच धरून. बॉयर आणि वॉकर यांना ज्याच्या अभ्यासाबद्दल नोबेल मिळालं ते चक्र थांबवायचं औषध आपल्याकडे बाटलीत मिळतं, आणि ते हाताळणाऱ्याला बाटलीवरचा बारीक मजकूर वाचता यावा एवढीच अपेक्षा.

यवतमाळचे ते रुग्ण मेंदू झिजण्याचे रुग्ण नव्हते. ती तडकाफडकी झालेली विषबाधा होती. वर्षानुवर्षं थोडं थोडं विष अंगावर घेणाऱ्याचं म्हातारपणी काय होतं, हा प्रश्न वेगळा. तो विचारायचा तर कुणीतरी त्या मजुरांची वीस वर्षं नोंद ठेवायला हवी. आपल्याकडे मजुराची हजेरी पुढच्या सोमवारपर्यंत टिकली तरी पुष्कळ.

* * *

विदर्भाला या विषयातला अनुभव तसा जुना आहे, फक्त त्याला मायटोकाँड्रिया म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

धान कापणीच्या वेळच्या ओलीत भंडारा-गोंदियाकडे लाखोळी टाकतात. पाणी नको, खत नको, दुष्काळातही उगवणारं कडधान्य. एरवी ते ताटातला एक पदार्थ. पण दुष्काळात दुसरं काहीच पिकत नाही तेव्हा तेच सगळं ताट होतं, आणि दोन-तीन महिने असं चाललं की धडधाकट माणसाचे पाय ताठरतात. कात्रीसारखी चाल, मग काठी, मग दोन काठ्या, मग खुरडणं. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या आसपास सागर भागात गहू बुडाल्यावर हेच घडल्याचं लिहून ठेवलंय. एकदा गेलेले पाय परत येत नाहीत.

दाण्यातलं विष १९६४ च्या सुमारास सापडलं. ते नसांवर काय करतं हे शोधताना बंगळुरूच्या निम्हान्समध्ये विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की पेशी मरण्याच्या आधीच उंदराच्या मेंदूच्या हालचालीच्या भागात आणि कमरेकडच्या मज्जारज्जूत कॉम्प्लेक्स १ बसतं. म्हणजे पाय चालवणाऱ्या नसांचा संच आधी बंद होतो, नस मागाहून मरते. हे काम भारतीय माणसांनी, भारतीय गरिबाच्या आजारावर, भारतीय प्रयोगशाळेत केलं. त्यावर कॅप्सूल निघाली नाही, म्हणून ते कुणाला ठाऊक नाही.

सरकारने १९६१ मध्ये डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी या बंदीविरुद्ध उपोषणाला बसत राहिले. त्यांचं सगळंच पटावं असं नाही, पण एक गोष्ट नाकारता येत नाही: वाटीभर लाखोळीने कुणाचे पाय गेले नाहीत, गेले ते ताटात दुसरं काहीच नसल्यामुळे. बंदी डाळीवर घातली, उपाशीपणावर घालता आली नाही. डाळ भिजत घालून पाणी फेकून देणं, शिजवतानाचं पाणी ओतून टाकणं, इतर धान्यात मिसळून खाणं, आणि कमी विषाचं वाण, एवढ्याने आजार रोखता येतो. २०१६ मध्ये अशा तीन वाणांना शास्त्रज्ञांच्या समितीने अनुकूल मत दिलं. मेंदू-मज्जेच्या झिजेवरच्या ‘मायटोकाँड्रियल उपचारां’त मला ठाऊक असलेला हा सगळ्यात स्वस्त. पातेलं आणि पाणी.

* * *

आता दुरुस्तीचं खातं उघडू. या खात्यात जमा किती आणि खर्च किती, ते डब्यावर छापत नाहीत.

कोएंझाइम क्यू-१० हा इलेक्ट्रॉनच्या पायऱ्यांवरचा हमाल. कंपवातात तो कमी पडत असेल तर बाहेरून द्यावा, विचार सरळ होता. २००२ मध्ये ८० रुग्णांच्या छोट्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची घसरण मंद दिसली. जगभर आनंद. मग ६०० रुग्णांची मोठी चाचणी झाली, २४०० मिलिग्रॅमपर्यंत डोस. २०११ मध्ये ती मध्येच थांबवली, कारण फायदा दिसायची आशाच उरली नव्हती. हंटिंग्टनच्या ६०९ जणांवर तीच गोळी, २०१४ मध्ये तोच निकाल.

क्रिएटिन. जिममधल्या पोरांचं लाडकं. कंपवातावर अमेरिका-कॅनडातल्या १७४१ रुग्णांनी ते वर्षानुवर्षं पाण्यात ढवळून प्यायलं. २०१५ मध्ये निकाल छापून आला: काही फरक नाही.

मायटोक्यू. हे तर थेट मायटोकाँड्रियाच्या आत पोचावं म्हणून मुद्दाम घडवलेलं औषध. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात १२८ रुग्ण, एक वर्ष. पत्ता बरोबर होता, पत्र पोचलं असावं, उत्तर आलं नाही.

डायमेबॉन. रशियातली जुनी ॲलर्जीची गोळी. ती मायटोकाँड्रिया सावरते असं म्हणत २००८ मध्ये १८३ स्मृतिभ्रंशग्रस्तांवर रशियात भलताच चांगला निकाल आला. फायझरने त्याच वर्षी हक्कांसाठी सुरुवातीलाच २२.५ कोटी डॉलर मोजले. २०१० मध्ये मोठ्या चाचणीत औषध आणि साधी पिठाची गोळी यांत डावं-उजवं करता आलं नाही. पिठाची गोळी इतकी महाग क्वचितच पडली असेल.

एएलएससाठी दोन औषधांचं एक मिश्रण, त्यातला एक घटक मायटोकाँड्रियासाठी. अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं. २०२४ मध्ये मोठी चाचणी फसली आणि कंपनीने एप्रिलमध्ये ते स्वतःहून मागे घेतलं. कंपनीने स्वतःहून, हे शब्द वाचून डोळे चोळले तरी चालेल. असं घडतं कधीकधी.

यादी अजून लांबवता येईल. मुद्दा असा की ही सगळी मंडळी फसवी नव्हती. त्यांनी हजारो रुग्ण गोळा केले, काहींना खोटी गोळी दिली, आणि अपयश आलं तेव्हा ते छापलं. विज्ञान म्हणजे हेच. डबेवाला यातला पहिला अर्धा भाग वाचतो. २००२ वाचतो, २०११ वाचत नाही. २००८ कापून भिंतीला लावतो, २०१० मध्ये त्याचा चष्मा हरवतो.

आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचं काही चुकत नाही. त्याचा डबा औषध नाहीच. तो अन्न आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे अशा पूरक पदार्थांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं, आणि तो इमानदारीत छापतो. डब्यावरचं सगळ्यात खरं वाक्य तेच असतं, म्हणून इंग्रजीत असतं.

* * *

मग काहीच लागू पडत नाही का? पडतं, पण जाहिरातीच्या सोयीचं नाही.

फ्रीडराइश अटॅक्सिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात मायटोकाँड्रियातलं एक प्रथिन कमी पडतं. त्यावर ओमाव्हेलोक्सोलोन हे औषध अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झालं. आजार बरा होत नाही, घसरण मंदावते. मंजुरीच्या वेळची किंमत वर्षाला ३ लाख ७० हजार डॉलर, म्हणजे तीन कोटींच्या घरात. जन्मतःच क्यू-१० न बनवता येणाऱ्या मोजक्या मुलांना क्यू-१० खरोखर उपयोगी पडतं; टाकी रिकामी असेल तर पाणी भरून फायदा होतो, गळकी असेल तर नाही. मायटोकाँड्रियाचे स्वतःचे ३७ जनुक असतात आणि ते फक्त आईकडून येतात. त्यांतलाच घातक दोष असलेल्या मातांसाठी इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्ये दुसऱ्या स्त्रीचे निरोगी मायटोकाँड्रिया वापरून आठ बाळं जन्मल्याचं जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं. हे सगळं खरं आहे, आणि साठीतल्या कंपवाताच्या रुग्णाला यातलं काहीही लागू नाही.

त्याला लागू आहे ते लेव्होडोपा. ती संच दुरुस्त करत नाही. घटलेल्या डोपामीनचा पुरवठा बाहेरून करते, आणि माणूस उठून चालायला लागतो. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत ती असते, हे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनज्ञांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं. (म्हणून कुणी उठून खाजकुइली दळायला घेऊ नये. डोस मोजता येत नाही, आणि खाज मोजता येते.)

आणि दुसरी गोष्ट, व्यायाम. २०१८ मध्ये कंपवाताच्या १२८ नव्या रुग्णांवरची चाचणी छापून आली. ट्रेडमिलवर दम लागेस्तोवर, हृदयाची गती कमाल मर्यादेच्या ८० टक्क्यांवर नेऊन, आठवड्याला चार दिवस चालायचं. सहा महिन्यांत जोरात चालणाऱ्यांची घसरण जवळपास थांबलेली दिसली. चाचणी लहान, मोठीच्या निकालाची वाट पाहावी. २००२ चा धडा इथेही लागू आहे. पण दमवणाऱ्या व्यायामाने पेशी नवे मायटोकाँड्रिया बांधते आणि मोडके निकालात काढते, एवढं पक्कं. पॅकिंग नाही, एमआरपी नाही, म्हणून पोस्टर नाही.

चालायचं तर हवा लागते, आणि कोराडीत हाच मुद्दा अंमळ नाजूक. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली, त्यांत हवेचं प्रदूषण आहे. कोळशाच्या केंद्रांसाठी धुराचे नवे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले, पाळायला दोन वर्षं दिली. मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना गंधक पकडणाऱ्या यंत्रातून सूटच मिळाली. दरम्यान २०२२ च्या जुलैत कोराडीच्या केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख शेतात आणि पाण्यात गेली, आणि मे २०२३ मध्ये ६६० च्याच आणखी दोन संचांसाठी कोराडीत जनसुनावणी झाली. चिमणीकडे बोट दाखवून ‘अमक्याचा आजार हिच्यामुळे’ म्हणता येणार नाही, तसा पुरावा कुणी गोळा केलेला नाही. गोळा करायला कुणी बसलंय असंही दिसत नाही.

* * *

आमच्या ओळखीतले एक काकाजी पॉवर हाऊसमधून रिटायर झाले. बॉयलर मेंटेनन्स. चार वर्षांपासून उजवा हात हलतो. टेबलावर लेव्होडोपाची पट्टी आणि शेजारी एक चकचकीत परदेशी डबा, ‘माइटो’ का काहीसं नाव. मी वरची सगळी पोथी त्यांना वाचून दाखवली. क्यू-१०, क्रिएटिन, रशियातली गोळी.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मले काय सांगता? ट्यूब लीक झाली का आमी पयले संच बंद करत होतो. थंडा होऊ देत होतो. मग आत शिरून वेल्डिंग. चालू बॉयलरले वरून रंग मारला का लीक बंद होते म्हणणारा ठेकेदार आला असता, तं त्याले गेटवरूनच वापस धाडला असता. अन् मानसाचा संच तं बंदही करता येत नाही.”

“मग हा डबा काहून घेता?”

“पोरानं पाठवला जी न्यू जर्सीहून. दर रविवारी व्हिडिओवर इचारते, बाबा घेऊन रायले ना? मी हो म्हनतो, एक गोळी त्याच्यासमोर गिळतो. त्याले लय फरक पडून रायला.”